वाटेवरल्या विमानतळाचा परवाना

मिरजेस गाडी बदलून बेळगावास जाणाऱ्या उतारूस कोणी ‘सांगली जिल्ह्यात थांबण्याचा परवाना दाखवा’ असे म्हटले, तर तो हसेल. विमानप्रवासात मात्र हाच प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

समजा, बेळगावचे एक निवृत्त शिक्षक व त्यांची पत्नी कन्येच्या बाळंतपणासाठी टोरांटोस निघाली आहेत. दोघांच्या पासपोर्टांवर कॅनडाचा व्हिसा आहे. स्वस्त पडले म्हणून चिरंजीवांनी तिकीट न्यूयॉर्कमार्गे काढले. मुंबईच्या विमानतळावर खिडकीपलीकडून प्रश्न येतो, “अमेरिकेचा व्हिसा?” “आम्हांस अमेरिकेत जायचेच नाही, तीन तास बसून पुढले विमान धरायचे,” हे गुरुजींचे उत्तर अगदी सरळ आहे. तरीही विमान त्यांना मागे ठेवूनच उडते.

असे का व्हावे? अमेरिकेच्या विमानतळांवर परदेशातून परदेशी जाणाऱ्यांसाठी निराळे आवार ठेवण्याची पद्धत नाही. उतरलेल्या प्रत्येकास प्रवेश-अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते व सामान्यतः आपले सामान घेऊन ते पुन्हा स्वाधीन करावे लागते. व्हिसावाचून पुढे जाण्याची एक सवलत पूर्वी होती. ती ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षेच्या कारणाने स्थगित झाली. तेव्हापासून भारतीय प्रवाशास तीन तासांसाठीही ‘सी-१’ हा पारगमन-व्हिसा अथवा अमेरिकेचा अन्य योग्य व्हिसा लागतो.

युरोपातील रीत वेगळी. तेथे विमान बदलणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय आवार असते व पुष्कळांना त्यात व्हिसावाचून थांबता येते. परंतु काही प्रवासी वाटेत उतरून आश्रय मागतात, या भयाने त्या आवारासही परवाना लावण्यात आला. शेंगेन देशांच्या २००९ च्या व्हिसा-संहितेने जी समाईक यादी केली, तीत बारा देशांची नावे होती. पाकिस्तान, बांगलादेश व श्रीलंका तीत होते, भारत नव्हता. मात्र प्रत्येक देशास आपल्यापुरती नावे वाढविण्याची मुभा आहे आणि जर्मनीने भारतीयांवर ही अट कित्येक वर्षे ठेवली होती. अशा याद्या बदलत राहतात. म्हणून ‘गेल्या साली आमच्या पुतण्यास काहीच लागले नाही’ या शेजाऱ्याच्या ग्वाहीवर विसंबून तिकीट काढू नये. प्रामाणिक मनुष्याचा यात नाहक खोळंबा होतो, हे माझे मत मी लपवीत नाही. पण खिडकीपाशी मत चालत नाही, कागद चालतो.

याहून फसवी गोष्ट दोन थांब्यांची. गोव्याचा एखादा गृहस्थ फ्रँकफुर्ट व लिस्बन येथे विमाने बदलून ब्राझीलला निघाला, तर फ्रँकफुर्ट ते लिस्बन हा टप्पा शेंगेनच्या दृष्टीने घरातल्या घरातला ठरतो. म्हणजे फ्रँकफुर्टलाच त्याला शेंगेनमध्ये प्रवेश घ्यावा लागतो. तेथे विमानतळापुरता व्हिसा कुचकामी. पुरता शेंगेन व्हिसाच हवा. त्याच घरातील पोर्तुगीज पासपोर्ट धारण करणारा भाऊ मात्र त्याच तिकिटावर बिनदिक्कत पुढे जातो. घर एक, वाट एक, निर्णय पासपोर्टाचा.

खिडकीवरील कर्मचाऱ्यावर रागावून उपयोग नाही. कागदपत्रांवाचून प्रवासी आणला तर विमान कंपनीस दंड होतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार दंडाची किमान मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ३,००० युरो ठरवता येते. शिवाय त्याला परत नेण्याचा भारही कंपनीवरच. म्हणून ते कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमसंग्रहात पाहतात आणि तो सांगेल तसे करतात.

तिकीट एक की दोन, हेही पाहावे. दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे घेतली की सामान बहुधा मधल्या विमानतळावर आपणच उचलायचे. ते घ्यायला प्रवेश-तपासणी ओलांडून बाहेर यावे लागते. तेथे आवारापुरती सूट संपते. तिकीट काढण्यापूर्वी विक्रेत्यास एवढेच विचारावे: सामानाची चिठ्ठी शेवटच्या गावापर्यंतची लागेल काय? मग वाटेतील प्रत्येक देशाच्या वकिलातीचा चालू नियम आपल्या पासपोर्टानुसार ताडून पाहावा.

आमच्या गुरुजींनी लंडनमार्गे एकच तिकीट काढले असते तर? ब्रिटनमध्ये नुसते विमान बदलण्यासही भारतीयांना व्हिसा लागतो. मात्र कॅनडाचा वैध व्हिसा असल्यास सध्याच्या नियमांनुसार त्यातून सूट मिळते. वैध हा शब्द येथे महत्त्वाचा. नातवंडाच्या लळ्याने मुक्काम लांबला, तिकडे राहण्याची मुदत रीतसर वाढवून घेतली, पण पासपोर्टावरील व्हिसाची तारीख तेवढ्यात उलटून गेली, तर जाताना मिळालेली सूट येताना मिळेलच असे नाही. परतीची वाट निघण्यापूर्वीच तपासून ठेवावी.