बिडी सोडायची तर एकट्याने नको

रात्री बारानंतर लाईट येणार म्हणून तुम्ही विहिरीवर जाऊन बसता. थंडी मी म्हणत असते. उसाला पाणी द्यायचं, दारं धरायचं आणि पहाटेपर्यंत जागायचं. अशा वेळी सोबतीला कोण? खिशातलं बंडल आणि काडीपेटी. म्हणूनच "उद्यापासून बिडी बंद" अशी शपथ घेणारा गडी घरात टिकतो आणि विहिरीवर हरतो.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी असेच दोनदा हरले. वय पन्नाशीचं, दिवसाला दोन बंडलं ठरलेली. दोन्ही वेळा त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर चारचौघांत हसं होईल, ही भीती. दोन्ही वेळा तिसऱ्या रात्री शेजारच्या बांधावरच्या गड्याने रोजच्यासारखी बिडी पुढे केली आणि यांनी घेतली. आता त्या गड्याचा काय दोष? त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या खेपेला खोकला पंधरा दिवस हटेना, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासली. टीबी निघाला नाही. पण डॉक्टर म्हणाले, "आता तरी थांबा." या वेळी मात्र त्यांनी घरी येऊन कारभारणीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही बिडी टाका, मी मिश्री टाकते. बघू आधी कोण हरतं!" दुसऱ्या दिवशी शेजारच्या गड्यालाही त्यांनी सांगून टाकलं, की बाबा रे, महिनाभर मला बिडी विचारू नकोस.

अंगात काय होतं?

बिडीतल्या निकोटिनची मेंदूला सवय लागलेली असते. ते तुटलं की चिडचिड होते, झोप उडते, डोकं जड होतं, कामात मन लागत नाही, पोट साफ होत नाही, भूक वाढते. हा त्रास साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतो. मग तो उतरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा थांबतो. हे आधी माहीत असलं म्हणजे माणूस घाबरत नाही. नाहीतर "बिडी सोडल्यापासून मला बरं वाटेना" म्हणून पुन्हा पेटवतो. काहींना सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो, त्यानेही बिचकू नका. मात्र खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा थुंकीतून रक्त आलं तर दवाखाना गाठलाच पाहिजे.

आणखी एक गैरसमज. बिडी म्हणजे तेंदूचं पान, सिगारेटपेक्षा साधी, असं पुष्कळजण मानतात. खरं उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही आणि बिडी विझू नये म्हणून झुरके वरचेवर नि जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे आकाराने लहान असूनही ती छातीला सिगारेटइतकाच, किंबहुना जास्तच त्रास देते.

पाच मिनिटं काढा

तलफ आली की ती आता जाणारच नाही असं वाटतं. पण बहुतेक तलफा चार-पाच मिनिटांत ओसरतात. तेवढा वेळ काढायचा, एवढंच काम. तांब्याभर पाणी घोट घोट प्या. बांधावरून एक फेरी मारा. तोंडात बडीशेप, लवंग किंवा भाजलेले हरभरे टाका. चहा झाला की हात खिशाकडे जातो, तेव्हा पहिले काही दिवस चहाची जागा बदला. टपरीवर न पिता घरी प्या. घरातलं, मोटारीच्या खोपीतलं, ट्रॅक्टरच्या पेटीतलं बंडल आदल्या दिवशीच काढून टाका. "पाहुण्यांसाठी" म्हणून एकही ठेवू नका.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. बिडी सोडून तंबाखू-चुना मळायला लागलात, तर एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडलात. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे, तर तब्बल २४.४ टक्के लोक तंबाखू, मिश्री अशा बिनधुराच्या प्रकारांचे सेवन करणारे आढळले. तोंडाचा कर्करोग या बिनधुराच्या तंबाखूनेही होतो.

आधार कोणाचा घ्यायचा?

पहिला आधार घरातला. पहिले आठ-दहा दिवस माणूस उगाच वसकन् अंगावर येतो. घरच्यांनी ते मनावर घेऊ नये. "तुमच्याच्याने व्हायचं नाही" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. दुसरा आधार जोडीदाराचा. गावातला कोणी तरी असा गाठा, ज्याने स्वतः बिडी सोडली आहे. रात्री दारं धरताना त्याला फोन करता आला तरी पुष्कळ झालं.

तिसरा आधार सरकारी आहे आणि फुकट आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मदतीचा क्रमांक २०१६ पासून चालू आहे. २०१८ पासून तो बिडी-सिगारेट-तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जातो. म्हणजे आपण जे पाकीट फोडतो त्यावरच सोडण्याचा रस्ता लिहिलेला असतो. तिथले समुपदेशक तुमच्याशी बोलून सोडण्याची तारीख ठरवतात आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतात. गावातल्या आशाताई आणि उपकेंद्रातले कर्मचारी जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्राची वाट दाखवतील.

तलफ फारच असेल तर निकोटिनचा च्युइंगम मिळतो. तो नेहमीच्या गोळीसारखा भराभर चघळायचा नसतो. थोडा चावायचा, मग गालाशी दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावायचा. त्याच्या अलीकडे पंधरा मिनिटं चहा नको. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सरपंच आणि अधिकारी मंडळींसाठी

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत आणि ग्रामपंचायत कार्यालय हे सार्वजनिक ठिकाणच आहे. फलक भिंतीवर आणि खाली थोटकं, असं चित्र दिसू नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, तीही पाळली जाते का ते पाहा. पण नुसत्या दंडाने बिडी सुटत नाही. ग्रामसभेत मदतीचा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवा, कार्यालयाच्या दारावर लावा. सोडलेल्या दोघाचौघांना उभं करून त्यांचा अनुभव सांगायला लावा. भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मोडलं तर?

हिशेबही करून पाहा. दिवसाला २० रुपये जात असतील तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. खताच्या पोत्यांना तेवढाच हातभार. शरीराचा हिशेब त्याहून लवकर जमेला लागतो. बिडी थांबल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तातला विषारी वायू निघून जातो, आणि वर्षभर टिकलात तर बिडीमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण निम्म्यावर येतो.

मध्येच एखादी ओढली गेली तर सगळं बुडालं असं मानू नका. कुठे, कोणाबरोबर, कशामुळे ओढली ते आठवा आणि त्याच दिवसापासून पुन्हा बंद करा. त्या शेतकऱ्यांच्या घरी सहाव्या दिवशी कारभारणीने शेजारणीकडे चोरून मिश्री लावली. रात्री स्वतःच कबूल केलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "चल, तुझा उद्या पहिला दिवस, माझा सातवा." आज दोघांचंही बंद आहे. विहिरीवर त्यांच्या खिशात आता हरभरे असतात आणि शेजारचा गडी तेच मागून खातो.

तेव्हा मंडळी, येत्या बाजाराच्या दिवशी बंडल घेण्याआधी घरात एक वाक्य बोला, "मी बिडी सोडतोय, मला सांभाळून घ्या." दिवस मोजायला तिथून सुरुवात करा.