जन्मठेप चौदा वर्षांची आणि फाशी तडकाफडकी?

खुनाच्या खटल्याचा निकाल टीव्हीवर आला की घरात कुणीतरी म्हणतंच, "जन्मठेपच ना? मग चौदा वर्षांनी सुटेल." चांगली शिकलेली माणसंही हे कायदा म्हणून सांगतात. कायद्यात असं काही नाही. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेनं माफीचे दिवस धरून आपली शिक्षा भरली, आता सोडा, असा दावा केला होता. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला: जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारनं सूट दिली तर सुटका, पण ती हक्कानं मागता येत नाही.

मग चौदाचा आकडा आला कुठून? १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारनं सोडायचं नाही, एवढंच ते सांगतं. लगाम सरकारला घातला होता. लोकांनी कमीत कमीचं जास्तीत जास्त करून टाकलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४७५ म्हणून ते कायम आहे.

माफीबद्दलचा राग मात्र अगदीच अनाठायी नाही. बिल्किस बानो प्रकरणात जन्मठेप झालेल्या अकरा जणांना गुजरात सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये सोडलं. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा, असं सांगत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये त्यांना परत तुरुंगात पाठवलं. पण ही वाट आधीच बंद करण्याची सोयही न्यायालयांकडे आहे. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी 'माफीशिवाय अमुक वर्षं' किंवा 'मरेपर्यंत' अशी जन्मठेप देऊ शकतात. २०१५ मध्ये घटनापीठानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. फाशी की जन्मठेप, या वादात हा तिसरा पर्याय बहुतेकांच्या गावीही नसतो.

कैदी म्हणजे 'सरकारी जावई', हा टोमणाही तपासून घ्यावा. जन्मठेप ही सक्तमजुरीच असते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच स्पष्ट केलं आहे.

फाशीचा धाक असला की खून कमी होतात, असं ठामपणे सांगितलं जातं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २०१२ मध्ये तिथले तीन दशकांचे अभ्यास तपासले आणि या प्रश्नावर त्यांचा आधार घेऊच नये, असा निष्कर्ष काढला. म्हणजे धाक नसतो असंही सिद्ध झालेलं नाही. आपल्या विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात, दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी रद्द करा, असं सुचवलं. ते अजून सूचनेतच आहे.

सगळ्यात घट्ट गैरसमज वेगळाच: फाशी म्हणजे झटपट न्याय. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. पुण्याजवळच्या गहुंजे प्रकरणात २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीचा बलात्कार करून खून झाला. २०१२ मध्ये दोघांना फाशी झाली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दया नाकारली. त्यानंतर फाशीची तारीख ठरायलाच जवळजवळ दोन वर्षं गेली. तुरुंग, गृहखातं आणि न्यायालय यांच्यात कागद फिरत राहिले. शेवटी २४ जून २०१९ ही तारीख पडली, पण त्याआधीच मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि जुलैत या दिरंगाईपायीच फाशीची पस्तीस वर्षं कैद केली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. तरुणीच्या घरच्यांनी सतरा वर्षं तारखा मोजल्या आणि हाती आलं ते २०१२ मध्येच देता आलं असतं.

यावर "मग टप्पे कमी करा" असं कुणी म्हणेल, त्यानं नाशिकचं एक प्रकरण वाचावं. २००३ मध्ये एका वस्तीवर रात्री दरोडा पडला, पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच दिली. एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झालं. वाचलेल्या महिलेनं सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चार सराईत गुन्हेगारांना ओळखलं होतं, आणि त्या दिशेनं तपासच झाला नव्हता. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं आणि चुकार अधिकारी शोधून काढण्याचा आदेश राज्याला दिला. २००९ च्या निकालाची अंमलबजावणी लोकांना हवी तशी चटकन झाली असती, तर ही भरपाई घ्यायला त्यांच्यातलं कुणी उरलं नसतं.