पासपोर्ट आणि गावाचे दप्तर

पासपोर्ट हा घरातल्या कागदांत सर्वांत शेवटी येणारा कागद. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन हे सगळे आपापल्या निमित्ताने घरात येतात आणि ट्रंकेत एकमेकांशी न बोलता पडून राहतात. रेशन दुकानदार शाळेचा दाखला बघत नाही, मुख्याध्यापक मतदार यादी चाळत नाहीत. पासपोर्टच्या अर्जापाशी मात्र हे सगळे कागद पहिल्यांदा एका टेबलावर येतात आणि ध्यानात येते, की एकाच माणसाची तीन नावे आहेत, दोन जन्मतारखा आहेत आणि पत्ता मात्र धड एकही नाही.

सातारा-सांगलीच्या माणसाला परदेश नवा नाही. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षे राहिले, तेव्हा पासपोर्ट विचारणारे कोणी नव्हते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. तेही अशी पुस्तिका काढून गेले नव्हते. आता गरज वेगळी आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आई, जर्मनीत नोकरी शोधणारी नर्स, आखातात चाललेला वेल्डर या सगळ्यांना आधी गावच्या दप्तरातून वाट काढावी लागते.

पासपोर्ट मिळणे ही सरकारची मेहेरबानी नाही, हे ठरले १९६७ साली. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निकाल सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी एप्रिलमध्ये दिला आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा झाला. त्यामुळे अर्ज नाकारायचा तर कायद्यात लिहिलेलेच कारण द्यावे लागते. पण अर्ज अडकायला नकाराची गरज पडते कुठे? एक जन्मतारीख पुरते.

महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मली की काय, असे शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहून वाटते. कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई, आणि पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की गुरुजी त्याला सहा वर्षांचा मानून १ जून ही तारीख लावून टाकत. पुढे आधार काढताना ज्यांनी नुसते वय सांगितले, त्यांच्या नोंदीत केवळ जन्मवर्ष आले किंवा १ जानेवारी बसला. म्हणजे शाळेत जून, आधारवर जानेवारी आणि खरा जन्म कदाचित ‘पानशेत फुटले त्या साली, पोळ्याच्या आसपास’.

खरी तारीख बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होई. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि याच जुन्या, काही मोडीत लिहिलेल्या वह्यांना एकाएकी भाव आला. पासपोर्टसाठी मात्र त्यांत एक गोची असते. कोतवाल नोंद करी ती बारशाच्या आधी. त्यामुळे बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते, नाव नाहीच.

सुदैवाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले. त्याआधी २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखल्यावाचून गत्यंतर नव्हते. आता शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, पूर्ण तारीख असलेले आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आयुर्विमा पॉलिसी यांतले काहीही चालते. शाळेची पायरी न चढलेल्या आजीच्या आधारवर नुसते वर्ष असेल, तर पॅनकार्ड तिला तारून नेते. एकच पथ्य पाळायचे: कुठली तारीख धरायची ते अर्जाच्या आधी ठरवायचे आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यायचे. पासपोर्टवर छापलेली तारीख बदलून घेणे हे आधारची तारीख बदलण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचे काम आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना मात्र ही सवलत नाही. त्यांना जन्मदाखलाच लागेल. घरी किंवा उसाच्या फडात झालेल्या बाळंतपणाची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करणे आता किती महत्त्वाचे झाले आहे, हे आशाताईंना कळले आहे. घरच्यांना कळायचे आहे.

नावाचा गुंता तारखेहून खोल आहे. साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने एक वेगळेच बारसे झाले. ‘नकुशा’ म्हणजे नकोशी, हे नाव घेऊन वावरणाऱ्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. बातमी जगभर गेली, आणि ती जाण्याजोगीच होती. पण समारंभात मिळालेले नाव शाळेच्या रजिस्टरात, दाखल्यात, आधारवर उतरते तेव्हाच ते माणसाचे होते. मुलगी शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते. एकदा शाळा सुटली की प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली प्रसिद्धी आणि मग एकेका कागदाची फेरी. ज्यांचे एखाद्या कागदावरचे जुने नाव तसेच राहून गेले, त्यांना पासपोर्टच्या टेबलावर ‘हे नाव कोणाचे?’ या प्रश्नाला पुन्हा उत्तर द्यावे लागते. नकोशी म्हणून जन्मलेल्या मुलीला आपण तीच आहोत हे सिद्ध करावे लागणे, यापेक्षा मोठा अपमान कोणता असेल मला माहीत नाही.

लग्न झालेल्या बाईची अडचण याच जातीची. आपल्याकडे नावाचे तीन भाग असतात आणि लग्नानंतर त्यातले दोन बदलतात. काही घरांत अजूनही तिन्ही बदलतात. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, मतदार यादीत ‘बाई’ जोडलेले. पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच: पहिल्यात स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे, दुसऱ्यात आडनाव. लग्नाचा दाखला २०१६ पासून सक्तीचा राहिलेला नाही आणि लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असेही नाही. दोन्ही नावांना जोडणारा एखादा कागद हाताशी असावा, तो म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. १९९८ च्या कायद्यानुसार गावात तो ग्रामसेवकाकडेच मिळतो. तीस वर्षांचा संसार झालेले जोडपे नोंदणीसाठी पंचायतीत उभे राहते, तेव्हा लोक हसतात, हसू द्यावे.

पत्त्याच्या बाबतीत गलाई कुटुंबांचे उदाहरण बोलके आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली ही मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यानपिढ्या देशभर पांगलेली. घर विट्याजवळ, दुकान तमिळनाडूत किंवा पंजाबात, आधार गावचे. साहजिकच अर्जात गावचा पत्ता पडतो. पण पोलीस पडताळणी होते ती सध्याच्या पत्त्यावर. हवालदार गावात येतो, घराला कुलूप दिसते, शेजारी खरे तेच सांगतात आणि ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा जातो. जिथे खरोखर राहतो तो पत्ता पुराव्यासह द्यावा आणि गावचा पत्ता कायमचा म्हणून लिहावा, हा सरळ मार्ग. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही कार्यालयात अर्ज करता येतो, त्यामुळे त्यासाठी गावी यायचीही गरज नाही. खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही कायद्यात आहे.

पडताळणीत गावचे पोलीस पाटील काय सांगतात याला वजन असते. आणि इथेच भावकी आडवी येते. बांधावरून मारामारी झाली, दोन्हीकडून फिर्यादी पडल्या, पाच वर्षांपूर्वीचा तो खटला अजून तालुक्याच्या कोर्टात रेंगाळतोय, आणि पोराची दुबईची नोकरी दारात उभी. अशा वेळी लोक खटला लपवतात, ही सर्वांत वाईट युक्ती. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो हे खरे. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने त्यातून वाट ठेवली आहे. ज्या कोर्टात खटला आहे तिथूनच परदेशी जाण्याची परवानगी आणायची. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर साधारण वर्षभराचा पासपोर्ट मिळतो. नुसती फिर्याद दाखल आहे, तपास चालू आहे आणि कोर्टाने दखल घेतलेली नाही, तर तो खटला मानला जात नाही. परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. चुलत्याने धाडलेल्या तक्रार अर्जाने तर काहीच अडत नाही. वकिलाला हे विचारायला शंभर-दोनशे रुपये गेले तरी हरकत नाही.

बाकी कामकाज आता पूर्वीइतके कष्टाचे नाही. दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात, पण २०१७ पासून पोस्टाच्या इमारतींत केंद्रे निघू लागली आणि मुक्कामाची फेरी वाचली. फोटो, बोटांचे ठसे, कागदांची तपासणी पोस्टात होते. मंजुरी पुण्याहून येते. साध्या ३६ पानी पुस्तिकेला १५०० रुपये, तत्काळला आणखी २०००. पैसे भरायचे ते सरकारी संकेतस्थळावरच. त्याच्यासारखी दिसणारी बनावट स्थळे आहेत आणि तालुक्यातला ‘मी करून देतो’ म्हणणारा एजंट तुमच्या आधारची तारीख जुळवून देत नाही.

नूतनीकरण असे लोक म्हणतात, पण जुन्या पुस्तिकेवर शिक्का मारून मुदत वाढत नाही. नवी पुस्तिका, नवा क्रमांक. जुनीवर चालू व्हिसा असेल तर दोन्ही सोबत न्यायच्या. मुदत संपायच्या वर्षभर आधी अर्ज करता येतो आणि करावा, कारण बऱ्याच देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक लागते. दहावी नापास असलेल्या आणि आखातात मजुरीला निघालेल्या तरुणांच्या पुस्तिकेवर ‘स्थलांतर तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो. नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारची वेगळी मंजुरी लागते. मधे दहावी झाली असेल तर नव्या अर्जासोबत गुणपत्रक जोडून तो शेरा काढून घ्यावा.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि ज्याचा त्याच्याच हाती दिला जातो. वाडीवस्तीवरचा पत्ता ‘मु.’ एका गावाचा आणि ‘पो.’ दुसऱ्याचा असतो, तेव्हा शाखा डाकघराचे नाव आणि पिनकोड अचूक लिहावा, आणि पोस्टमास्तरांना आधी एकदा भेटून मोबाइल नंबर देऊन ठेवावा. वाडीत एकाच नावाचे चौघे असतात, हे त्यांना संगणकापेक्षा चांगले ठाऊक असते.