हातातल्या गेममध्येही इंटरनेट असते

आखाती देशांतून सुट्टीवर येणारे मामू-चाचू मुलांसाठी हातात धरून खेळायचा गेम आणतात. कधी तो नवा असतो, कधी तिथल्या मुलांनी वापरून सोडलेला. घरचे निश्चिंत होतात, ‘मोबाईलपेक्षा हा बरा, यात इंटरनेटची भानगड नाही.’ पालकसभेत आम्ही शिक्षक हे वाक्य नेहमी ऐकतो. हेतू चांगला आहे, पण समजूत खरी नाही.

इंटरनेटची पाने उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ब्राउझर म्हणतात. सोनी कंपनीच्या पीएसपी या गेममध्ये ते 2005 साली आले. गंमत म्हणजे त्याआधीच ‘वाइपआऊट प्युअर’ नावाच्या शर्यतीच्या खेळातून लोकांनी इंटरनेट गाठले होते. खेळासाठी नवे सामान उतरवून घेण्याची जी सोय कंपनीने दिली होती, तीच त्यांनी दुसऱ्या वेबसाइटकडे वळवली. 2006 साली निन्टेन्डो डीएससाठी नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने ब्राउझर तयार केला. तो वेगळे कार्ड म्हणून विकत मिळे. डीएसची मेमरी अवघी 4 एमबी, म्हणून सोबत जादा मेमरीचा तुकडाही बसवावा लागे. पुढे 2011 मध्ये निन्टेन्डो 3डीएसला ब्राउझर मोफत मिळाला.

हे ब्राउझर संथ होते. पीएसपीवर एकेक अक्षर बटणे दाबून लिहावे लागे आणि मोठे पान उघडताना मेमरी अपुरी पडे. पण संथ म्हणजे निर्धोक नव्हे. मुलांकडे वेळ भरपूर असतो आणि पडदा इतका लहान की शेजारी बसलेल्या अम्मीलाही आत काय चालले आहे ते दिसत नाही.

कंपन्यांनाही हा धोका ठाऊक होता. 2014 साली जपानमध्ये ‘न्यू 3डीएस’ आला, तेव्हा त्याच्या ब्राउझरमध्ये अयोग्य पाने अडवणारी चाळणी आधीच सुरू ठेवली होती. ती काढायची तर क्रेडिट कार्डावरून 30 येनच्या आसपास रक्कम भरावी लागे. रक्कम किरकोळ, पण कार्ड मोठ्यांच्याच हाती असते. म्हणजे चाळणी निघायची तर घरातल्या मोठ्या माणसाला कळूनच. 2017 च्या निन्टेन्डो स्विचमध्ये तर मुलांना वापरता येईल असा ब्राउझर दिलाच नाही. वाय-फायचे लॉगिन पान दाखवण्यापुरता तो आत दडलेला आहे. मात्र तिथूनही इतर पानांकडे जाण्याची वाट लोकांनी शोधून काढली.

मग पालकांनी काय करावे? घरी असा गेम असेल तर त्याची सेटिंग एकदा स्वतः उघडून पाहा. पीएसपीच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये ब्राउझर बंद ठेवण्याची सोय आहे. तिचा मूळ पासवर्ड 0000 असतो, तो आधी बदला, नाहीतर कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखे होईल. 3डीएसमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ मध्ये चार आकडी पिन टाकून ब्राउझर बंद करता येतो. वापरलेला गेम घेतला असेल तर आधीच्या मालकाची माहिती पुसून घ्या. या जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत. त्यामुळे त्यावर ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड कधीही टाकू नका.

मात्र पिनवर सगळा भार टाकून चालत नाही. आमचा वर्गातला अनुभव असा की कारण न सांगता केलेली बंदी मुले कोडे समजून सोडवतात. कारण नीट सांगितले, तर बरीच मुले ते मानतात. म्हणून कुलूप लावताना मुलाला जवळ बसवा, ते का लावतो आहोत ते सांगा, आणि गेम बैठकीच्या खोलीतच खेळायचा हा नियम घरात सर्वांसाठी ठेवा. तरबियत अशीच होते, रोज थोडी थोडी.