घरचा फ्रीज : मिस्त्रीला बोलावण्याआधी



उसाचे बिल हाती पडले की घरात एखादी उपयोगाची वस्तू यावी असे घरच्या मंडळींना वाटते, आणि ते रास्तच आहे. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रीज तयार करायला सुरुवात केली तेव्हा ही वस्तू शहरातल्या बंगल्यात दिसायची. आज कळमनुरी तालुक्यात मळ्यातल्या घरातही फ्रीज आहे. दूध, दही, भाजी त्यातच आणि घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर त्याचे इन्सुलिनही त्यातच. म्हणजे फ्रीज बंद पडला की नुसती गैरसोय होत नाही, नुकसान होते.

सभासद भेटले की एक वाक्य हमखास कानावर येते, "फ्रीज थंड करीना, गॅस भरायला सांगितलाय." आमचे सांगणे एवढेच, की गॅस भरण्याआधी चार गोष्टी घरच्या घरी पाहा. पुष्कळदा दोष लाईटमध्ये, बोर्डात, फ्रीजच्या जागेत किंवा दाराच्या रबरात निघतो. त्याला खर्च नाही, किंवा अगदी थोडा.

फ्रीज थंड कसा करतो?

आपल्याला हे समजायला अवघड नाही. कारखान्यात रस आटवताना शेवटच्या बॉडीत दाब कमी केलेला असतो, म्हणून रस कमी उष्णतेवर उकळतो. फ्रीजमध्येही तेच तत्त्व आहे. आतल्या नळीत दाब कमी, तिथे गॅस शून्याच्या खालीच उकळतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर तो गॅस दाबून मागच्या जाळीत ढकलतो. तिथे तो उष्णता बाहेर टाकतो आणि पुन्हा पातळ होतो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो, तो खर्च होत नाही. मोटारीत डिझेल संपावे तसा फ्रीजमधला गॅस 'संपत' नाही. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी फुटलेली आहे, हे पक्के ध्यानात ठेवा.

काहीच चालू होईना

दार उघडून आतला दिवा पाहा. दिवा लागत नसेल तर त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून बघा. तोही चालेना तर फ्युज, बटण किंवा पिन सैल आहे. स्टॅबिलायझर असेल तर त्याचा आकडा बघा.

दिवा लागतो पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तर थर्मोस्टॅटचे बटण कुणी शून्यावर तर नेले नाही ना, बर्फ वितळवायचे बटण दाबलेले राहिले नाही ना, हे पाहा. लहान मुले हा उद्योग करतात.

'टक्' आवाज येतो आणि बंद पडतो

ही आपल्या भागातली नेहमीची तक्रार. घरची लाईट २३० व्होल्टची असायला हवी. जिथे घरे आणि शेतीपंप एकाच डीपीवर आहेत तिथे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसते. कमी व्होल्टेजवर विहिरीवरची मोटार गुरगुरते, तापते आणि जळते, हे आपण सोसलेले आहे. फ्रीजचा कॉम्प्रेसर म्हणजेही मोटारच. तो उठू पाहतो, उठत नाही, तापतो आणि त्याचा ओव्हरलोड 'टक्' करून लाईन तोडतो. व्होल्टेज चांगले असूनही असे होत असेल तर रिले किंवा कपॅसिटर गेला असेल. ते मिस्त्रीचे काम, पण भाग स्वस्तातला आहे. लगेच कॉम्प्रेसर बदलायला होकार देऊ नका.

लाईट गेली आणि लगेच आली तर फ्रीज तीन ते पाच मिनिटे थांबून चालू करा. नळीतला दाब बरोबरीला यायला तेवढा वेळ लागतो. स्टॅबिलायझर घेताना वेळ देणारा घ्या. नव्या इन्व्हर्टर फ्रीजला स्टॅबिलायझर लागतो की नाही, ते सोबतच्या पुस्तिकेत पाहा.

चालतो, पण थंड करत नाही

आधी जागा बघा. भिंतीला चिकटवलेला फ्रीज उष्णता टाकणार कुठे? मागे वीतभर जागा सोडा. चुलीजवळ, पत्र्याखालच्या झळीत किंवा दुपारच्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात फ्रीजची दमछाक होतेच.

मग मागची जाळी पाहा. तूर-हरभऱ्याची रास झाली की भुसा उडतो, त्यात चुलीचा धूर. जाळीवर थर बसला की उष्णता आतच राहते. पिन काढून मऊ ब्रशने झाडा. नव्या फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून बाजू कोमट लागतात. तो बिघाड नव्हे.

नंतर दाराचे रबर. दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज निघून आली तर तिथून गारवा पळतो. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, फाटले असेल तर बदला. ऊन ऊन भाताचे पातेले आत ठेवू नका आणि फ्रीज गच्च भरू नका, आत हवा फिरली पाहिजे.

बर्फाचा डोंगर आणि खाली पाणी

साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर बोटाच्या निम्म्या जाडीचा झाला की फ्रीज बंद करून वितळू द्या. चाकू, उलथणे, स्क्रूड्रायव्हर लावू नका. बर्फखान्याच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडले की दुरुस्तीचा खर्च काही हजारांत जातो.

आत पाणी साचत असेल तर बहुतेक फ्रीजमध्ये मागच्या भिंतीच्या तळाशी बारीक छिद्र असते, ते भाजीच्या पाल्याने बुजलेले असते. मऊ काडीने मोकळे करा. बाहेर पाणी येत असेल तर मागचा ट्रे रिकामा करून नीट बसवा.

हात लावला की झटका

इथे मात्र घरगुती उपाय नाही. चिमटा जरी बसला तरी फ्रीजला हात न लावता घराचा मेन बंद करा आणि वायरमन बोलवा. अर्थिंग नाही, किंवा तीन पिनीचा प्लग मोडून दोन पिनीवर काम भागवले आहे, असेच बहुधा निघते. ओल्या हाताने, अनवाणी फ्रीज उघडणारी माणसे म्हणजे घरातल्या आया-बहिणी आणि पोरे. अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलिअँपिअरची ई.एल.सी.बी. यांचा खर्च जिवापुढे काहीच नाही.

गॅस भरायचाच असेल तर

जुन्या फ्रीजमधला आर-१२ वायू ओझोनच्या थराला मारक ठरला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. पुढे आर-१३४ए आला आणि आता बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. हा आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. पेट घेतो. नळी फुटल्याचा संशय आला तर काडी ओढू नका, बटणे चालू-बंद करू नका, दारे-खिडक्या उघडा. आपल्या फ्रीजमध्ये कोणता गॅस आहे ते मागच्या पट्टीवर लिहिलेले असते. तोच भरला पाहिजे.

मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. गळती कुठे सापडली? फिल्टर बदलला का? व्हॅक्युम पंप लावून नळी कोरडी केली का? गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा उडून जाणार, आणि पैसेही त्याच्या मागोमाग. पावती लेखी घ्या.

लाईट गेल्यावर

दार उघडू नका. बंद दाराआड सुमारे चार तास गारवा टिकतो. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, बर्फखान्यात कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. लाईटचा भरवसा नसेल तर कुपी कोरड्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. किती दिवस चालेल ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

क्रम लक्षात ठेवा : लाईट, बोर्ड, बटण, जागा, जाळी, रबर. हे सहा पाहून झाले आणि तरी फ्रीज थंड होईना, तर मग मिस्त्री. आणि अर्थिंग मात्र आज संध्याकाळीच तपासून घ्या, फ्रीज ठणठणीत चालत असला तरी.