लवण चिकित्सा

लवण चिकित्सा : नाक, घसा व श्वासनलिका यांच्या विकारांवर मिठाचा (सोडियम क्लोराइडाचा) बाहेरून उपयोग करण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे लवण चिकित्सा म्हणतात. या एका नावाखाली तीन भिन्न गोष्टी मोडतात : मिठाच्या पाण्याने नाक धुणे, मिठाच्या खाणीत किंवा समुद्रकिनारी काही काळ वास्तव्य करणे, आणि बंद खोलीत कोरड्या मिठाची अतिसूक्ष्म पूड हवेत सोडून ती श्वासाबरोबर घेणे. ऋतुमानानुसार उद्‌भवणाऱ्या ॲलर्जीवर (अधिहर्षतेवर) नैसर्गिक उपाय म्हणून तिन्हींची सारख्याच खात्रीने शिफारस केली जाते. वस्तुतः त्यांमागील आधार सारखा नाही, आणि हा भेद न ओळखल्यास रुग्णाचे, विशेषतः दमेकऱ्याचे, नुकसान होण्याचा संभव असतो.

ऋतुमानी ॲलर्जी : परागकण, कवकांची बीजुके, घरातील धुळीत राहणारे माइट यांसारख्या एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थांतील प्रथिनांविरुद्ध काही व्यक्तींच्या शरीरात इम्युनोग्लोब्युलिन-ई या वर्गाचे प्रतिपिंड तयार होतात. ते नाकाच्या श्लेष्मकलेतील (बुळबुळीत अस्तरातील) मास्ट कोशिकांना चिकटून राहतात. तोच पदार्थ पुन्हा नाकात शिरला की या कोशिकांतून हिस्टामीन व अन्य द्रव्ये मुक्त होतात आणि काही मिनिटांतच शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, नाक व डोळे यांना खाज ही लक्षणे दिसू लागतात. काही तासांनंतर येणारी दुसरी प्रतिक्रिया सावकाश पण अधिक त्रासदायक असते; तीत श्लेष्मकला सुजून नाक चोंदते. अशा अनेक रुग्णांत श्वासनलिकाही संवेदनशील झालेल्या असतात व त्यांना दमा जडतो.

पाश्चात्त्य देशांत या विकाराला परागज्वर हे नाव मिळाले, कारण तेथे तो मुख्यतः वसंत व ग्रीष्म ऋतूंतील परागकणांमुळे होतो. कोकण किनाऱ्यावर हे नाव अपुरे पडते. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचे उदाहरण घेतल्यास, पावसाळ्यात भिंती ओलावतात, कपडे व गाद्या दमट राहतात आणि कवक व माइट या दोहोंची वाढ होते. पाऊस ओसरल्यावर गवते फुलतात; पाठोपाठ भाताची कापणी व मळणी येते व तिची धूळ उडते. किनाऱ्यालगत वाऱ्याच्या माऱ्यापासून संरक्षणासाठी लावलेल्या सुरूच्या झाडांचे परागीभवन वाऱ्यानेच होते. हिवाळ्यात बांधकामांची व रस्त्यांची धूळ आणि धूर यांची भर पडते. ही द्रव्ये सर्वस्वी ॲलर्जीजनक नसली, तरी आधीच सुजलेल्या श्लेष्मकलेला चेतवतात. म्हणजे एकाच गावात एकाला श्रावणात, तर दुसऱ्याला कार्तिकात त्रास होतो आणि दोघेही त्यास ‘हवा बदलल्याची सर्दी’ म्हणतात.

खारी हवा व मिठागरे : वसई खाडीच्या काठी नायगाव, जूचंद्र, राजावली या भागांत मिठागरांची परंपरा जुनी आहे. भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ जागेत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत उन्हाने आटवितात. शेवटच्या वाफ्यात स्फटिक बनू लागले की मीठ ओढून त्याच्या राशी करतात. हे काम पावसाळा संपल्यानंतर सुरू होऊन पुढच्या पावसापूर्वी आटोपते. नागरी वस्ती पसरू लागल्यापासून हा व्यवसाय बराच आक्रसला आहे. अशा प्रदेशात राहणाऱ्यास खाऱ्या हवेमुळे छातीचे विकार होत नाहीत, असा समज किनाऱ्यावर सर्वत्र आढळतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. मिठागर चालते ते याच तत्त्वावर. त्यामुळे संथ वाफ्यातून हवेत मीठ जात नाही. (खोलीत मिठाचा खडा किंवा खड्याचा दिवा ठेवल्याने हवा ‘लवणयुक्त’ होते, ही कल्पनाही याच कारणाने निराधार ठरते.) समुद्रावरील हवेत मीठ येते ते फुटणाऱ्या लाटांतील बुडबुड्यांमधून उडालेल्या सूक्ष्म तुषारांमुळे. किनाऱ्यावरील हवेत ते सामान्यतः दर घनमीटरास काही मायक्रोग्रॅम ते काही दशक मायक्रोग्रॅम इतके असते. एक घनमीटरात ३० मायक्रोग्रॅम मीठ धरले आणि प्रौढ माणूस दिवसभरात सु. १५ घनमीटर हवा श्वासावाटे घेतो असे मानले, तर त्याच्या श्वसनमार्गात दिवसाकाठी अर्धा मिलिग्रॅमही मीठ जात नाही. याउलट नाक धुण्यासाठी घेतलेल्या पाव लिटर योग्य विद्रावात २,००० मिलिग्रॅमहून अधिक मीठ असते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फिरून ज्याला बरे वाटते, त्याला ते धूळ व धूर कमी असल्यामुळे वाटण्याचा संभव अधिक आहे. मात्र किनाऱ्यावरील दमट हवा माइटांना पोषक असते. त्यांची ॲलर्जी असणाऱ्यास तेथील वास्तव्य मानवेलच असे नाही. उंच पर्वतावरील कोरड्या हवेत माइट फारच थोडे असतात.

इतिहास : मिठाच्या खाणीतील उपचारांचा उगम पोलंडमधील व्हिएलिच्का येथे मानतात. तेथील खाणीचे वैद्य फेलिक्स बोच्कोव्हस्की यांनी १८३९ मध्ये लवणस्नानाचे उपचार सुरू केले व १८४३ मध्ये त्यांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या खाणीत १३५ मी. खोलीवर श्वसनविकारांच्या रुग्णांसाठी आरोग्यधाम आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील एनेपेटाल येथील क्लूटर्ट गुहेचा हवाई हल्ल्यांपासून आसऱ्यासाठी उपयोग झाला. तेथे आश्रय घेतलेल्या दमेकऱ्यांना बरे वाटल्याचे कार्ल हेर्मान श्पानागेल या वैद्यांनी नमूद केले. ही गुहा चुनखडकाची आहे, मिठाची नव्हे, ही बाब बोलकी आहे. खोल गुहेत परागकण नसतात, तापमान व आर्द्रता स्थिर असतात आणि रुग्ण विश्रांती घेत असतो. गुणाचे श्रेय मिठाला किती व या परिस्थितीला किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. खाणीतून वर आलेल्या रुग्णास पुन्हा तेच पराग भेटतात.

कोरडी पूड हवेत सोडणाऱ्या यंत्रयुक्त खोल्या १९८० नंतरच्या दशकात सोव्हिएट संघात प्रचारात आल्या व पुढे अनेक देशांतील शहरांत ‘मिठाच्या गुहा’ या नावाने त्यांचा व्यवसाय झाला.

भारतात नाकाच्या शुद्धीची परंपरा स्वतंत्र आहे. हठयोगातील षट्‌कर्मांपैकी नेती हे एक होय. परंतु हठयोगप्रदीपिकेत वर्णिलेली नेती सूत्राची, म्हणजे नाकातून दोरा घालून तोंडावाटे काढण्याची आहे. घेरंडसंहितेत नाकाने पाणी घेऊन ते तोंडावाटे सोडण्याची क्रिया कपालभातीच्या प्रकारांत, व्युत्क्रम या नावाने येते. आज झारीने केली जाणारी मिठाच्या पाण्याची जलनेती या ग्रंथांत जशीच्या तशी सापडत नाही. विसाव्या शतकात योगक्रियांकडे शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने पाहण्यास जी सुरुवात झाली, तीत स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे स्थापन केलेल्या कैवल्यधाम या संस्थेचा वाटा मोठा आहे.

नासाप्रक्षालन : लवण चिकित्सेच्या तीन प्रकारांपैकी हाच सर्वांत साधा, स्वस्त आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत बळकट होय. नाकाच्या अस्तरावर पक्ष्माभिका नावाच्या केसांसारख्या सूक्ष्म वाढी असतात. त्यांच्या तालबद्ध हालचालीमुळे श्लेष्म्याचा पातळ थर, त्यात अडकलेल्या कणांसह, घशाकडे सतत सरकत असतो. ॲलर्जीत श्लेष्मा वाढतो व ही वाहतूक मंदावते. मिठाच्या पाण्याने परागकण, बीजुके व साचलेला श्लेष्मा धुतला जातो. हिस्टामिनासारखी द्रव्येही काही प्रमाणात वाहून जातात. पाणी शरीरातील द्रवाइतकेच खारट (शेकडा ०·९) असल्यास ते झोंबत नाही. निव्वळ गोडे पाणी तर्षणामुळे कोशिकांत शिरते व त्या फुगतात, म्हणूनच ते नाकात गेले की झणझणते. त्याहून खारट विद्राव सुजलेल्या अस्तरातून पाणी ओढून घेतो व चोंदलेले नाक अंमळ मोकळे करतो. पण फार तीव्र झाल्यास दाह होतो. समुद्राचे पाणी सु. साडेतीन टक्के, म्हणजे जवळजवळ चौपट खारट असते. ते थेट नाकात घेणे योग्य नाही.

ॲलर्जीजन्य नासाशोथावरील या उपायाच्या १४ चाचण्यांचा (७४७ रुग्ण) आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. नाक न धुणाऱ्यांच्या तुलनेत धुणाऱ्यांची लक्षणे तीन महिन्यांपर्यंत सौम्य होत असावीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. मात्र चाचण्या लहान व त्यांचा दर्जा कमी असल्याचे त्यातच म्हटले आहे. नाक धुण्याने प्रतिपिंडे कमी होत नाहीत आणि ॲलर्जीची प्रवृत्तीही बदलत नाही. नाकात फवारावयाची स्टेरॉइडे व हिस्टामीनरोधके यांना ते पूरक आहे. फवारा मारण्यापूर्वी नाक धुतल्यास औषध अस्तरापर्यंत नीट पोचते, हा त्याचा एक व्यावहारिक लाभ.

विद्रावासाठी एक लिटर पाण्यास ९ ग्रॅम, म्हणजे लहान चमचा सपाट भरून सु. दीड चमचा, स्वच्छ बारीक मीठ पुरते. मिठागरातील जाड्या मिठात माती तसेच मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची लवणे असतात. ते या कामी घेऊ नये. कोमट विद्राव झारीत घेऊन, पुढे वाकून व मान एका बाजूस कलती करून वरच्या नाकपुडीत हळूहळू सोडतात. श्वास तोंडाने घेतात. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून वाहते. नंतर नाक हलकेच शिंकरावे. जोराने शिंकरल्यास पाणी कानाच्या नलिकेत शिरते. कान दुखत असताना, नाकातून रक्त येत असताना किंवा नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच वैद्याच्या सल्ल्यावाचून ही क्रिया करू नये.

मिठापेक्षाही पाण्याची शुद्धता अधिक महत्त्वाची आहे. नीग्लेरिया फौलेरी हा अमीबा उबदार गोड्या पाण्यात राहतो. तो पोटात गेला तर अपाय होत नाही. नाकात वरपर्यंत गेला तर गंधतंत्रिकेच्या मार्गाने मेंदूत पोचतो व बहुधा प्राणघातक असा मेंदूचा शोथ घडवितो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा या रोगाने मृत्यू झाला. असा संसर्ग अत्यंत विरळा आहे. परंतु केरळात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मस्तिष्कशोथाचे अनेक रुग्ण आढळल्याने हा धोका केवळ परदेशचा राहिलेला नाही. वसई-विरारसारख्या भागात नळाच्या पाण्याला विहिरी, कूपनलिका व टँकर यांची जोड द्यावी लागते. तेथे पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून व झाकून निववूनच वापरावे. पिण्यास योग्य ते नाकात घालण्यास योग्य, हे गृहीत चुकीचे आहे. झारीही प्रत्येक वेळी उकळलेल्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी.

कोरडे लवण : मिठाच्या खोलीतील कण काही मायक्रोमीटर व्यासाचे असतात व त्यांतील लहान कण श्वासनलिकांत पोचू शकतात. इस्राएलमध्ये सौम्य दम्याच्या ५५ मुलांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता काहीशी कमी झाल्याचे दिसले. परंतु फुप्फुसांची कार्यक्षमता मोजणाऱ्या कसोटीत फरक पडला नाही. ऋतुमानी ॲलर्जीबाबत याहून भक्कम पुरावा उपलब्ध नाही. दुसऱ्या बाजूस, शेकडा ४·५ तीव्रतेच्या मिठाच्या पाण्याचे तुषार श्वासावाटे देऊन श्वासनलिका आकुंचन पावतात काय, हे पाहणे ही दमा ओळखण्याची एक मान्य कसोटी आहे. म्हणजेच ज्या लवणाने छाती मोकळी होते असे सांगितले जाते, तेच दमेकऱ्याची छाती आवळू शकते. अशा खोलीत बसू इच्छिणाऱ्या दमेकऱ्याने श्वासनलिका विस्तारक औषध जवळ बाळगणे आवश्यक आहे, आणि ‘नैसर्गिक’ उपाय सुरू केला म्हणून नित्याची औषधे, विशेषतः ओढावयाची स्टेरॉइडे, बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे. [⟶ ॲलर्जी, दमा].

कोरड्या मिठाच्या धुळीत दीर्घकाळ राहणाऱ्यांचा अनुभवही विचारात घ्यावा लागतो. राजस्थानात मीठ दळण्याच्या गिरण्यांजवळ काम करणाऱ्या मजुरांची पाहणी जोधपूर येथील संशोधकांनी करून २००५ मध्ये प्रसिद्ध केली. या मजुरांत, गिरण्यांपासून दूर वाफ्यांवर काम करणाऱ्यांच्या मानाने, रक्तदाब अधिक आढळला, आणि नाकातोंडावर आच्छादन वापरू लागल्यावर तो उतरला. गिरणीजवळ दिवसेंदिवस राबणे आणि खोलीत आठवड्यातून एकदोनदा बसणे यांत अर्थातच मोठे अंतर आहे. पण श्वासावाटे गेलेले मीठ शरीरात शोषले जाते, हे त्यावरून दिसते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी म्हणून या प्रकारापासून दूर राहावे. नाक धुण्यात मात्र बहुतेक सर्व पाणी बाहेर पडत असल्याने हा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही.