हातात किती, तास किती, गेट कुठलं?

पगार १८,०००. चाकणच्या तळेगाव चौकात खांबावर चिकटवलेल्या कागदावर हा आकडा सगळ्यांत मोठा असतो. खाली बारीक अक्षरात 'आयटीआय / १२वी पास, वय १८ ते २८, बस-कॅन्टीन फ्री, त्वरित जॉइनिंग' आणि एक मोबाइल नंबर. हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरतो आणि नोकरी शोधायच्या अ‍ॅपमध्येही जवळपास तसाच उतरतो.

या १८,००० मधले हातात किती पडतात? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरू. त्यावर १२ टक्के पीएफ, म्हणजे १,८००. पूर्ण १८,००० वर ईएसआयसीचे ०.७५ टक्के, म्हणजे १३५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). उरले १५,८६५. त्याच जागेवर मुलगी लागली तर तिला १६,०६५ मिळतील, कारण २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर माफ आहे. आता ठेकेदाराने मालकाच्या हिश्श्याचा पीएफ (१,८००) आणि ईएसआयसी (३.२५ टक्के, ५८५) मिळवून जाहिरात केली, तर तीच नोकरी २०,३८५ ची दिसते. जाहिरात आणि हातातली रक्कम यांत ४,५२० रुपयांचा फरक. लातूर-नांदेडहून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला या रकमेत भाडं आणि मेस यांचा मेळ घालायचा असतो.

म्हणून अ‍ॅप नोकरी शोधणाऱ्यासाठी सोपं करायचं म्हणजे रंग मऊ आणि बटणं मोठी करायची, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्याला जाहिराती कमी पडत नाहीत. त्याला कमी पडते ती जाहिरातीत न छापलेली माहिती.

त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे ड्युटीचे तास. 'ड्युटी १२ तास' हे शब्द चाकण, भोसरी, तळवड्यात इतके सवयीचे झालेत की कुणी थांबून हिशेब करत नाही. तो करून पाहू. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. हातातले १५,८६५ भागिले २०८, तासाला सुमारे ७६ रुपये. तोच पगार १२ तासांसाठी असेल तर ३१२ तास भरतात आणि तासाला ५१ रुपये पडतात. जादा कामाला दुप्पट दर ही १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनची तरतूद आहे. त्या हिशेबाने वरच्या १०४ तासांचे ढोबळमानाने आणखी १८,००० व्हायला हवेत. शिवाय महिन्याला इतका ओव्हरटाइम घेण्यालाच कायद्याची मर्यादा आहे. अ‍ॅपने पगाराच्या शेजारी 'तासाला किती' हा एक आकडा दाखवला, तर शाळेत गणित कच्चं राहिलेल्या मुलालाही दोन नोकऱ्यांमधला फरक एका नजरेत कळेल. हा भागाकार फोन करू शकतो, त्याने तो करावा.

दुसरा प्रश्न, आपण नेमके कोण म्हणून लागतोय? गेटमधून आत जाणाऱ्या मुलांचा गणवेश सारखाच असतो, पण एक पर्मनंट, दुसरा ठेकेदाराचा, तिसरा ट्रेनी, चौथा अप्रेंटिस. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याखालच्या अप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं आणि पीएफ नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० ठरवली. दोन वर्षांचा फिटर ट्रेड करून आलेल्या मुलाला 'कंपनीत लागलो' आणि 'कंपनीत शिकाऊ आहे' यातला फरक पहिल्या स्क्रीनवरच समजायला हवा, पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकावर नव्हे.

मग गेट, म्हणजे कामाचं ठिकाण नेमकं कुठे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी १९५४ साली पिंपरीत आली. एमआयडीसी १९६२ ची. तेव्हाचा कामगार सायकलवर कामाला जाऊ शकत होता. पुढे बजाज (१९९९), फोक्सवॅगन (२००९), महिंद्रा (२०१०) यांचे कारखाने चाकणला उभे राहिले आणि काम वीस-बावीस किलोमीटर लांब गेलं. पिंपरी-चिंचवडला मेट्रो मार्च २०२२ मध्ये आली, पण ती पुण्याच्या दिशेने; चाकणला जाणारी नाही. आणि 'चाकण' हा पत्ता पुरेसा नाहीच. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, सावरदरी, वराळे ही सगळी चाकण एमआयडीसीच. मोशीहून निघोजेला जाणं वेगळं आणि सावरदरीला जाणं वेगळं, त्यात तळेगाव चौकातली वाहतूक कोंडी. बस फ्री असेल तर ती कुठून सुटते, किती वाजता, रात्रपाळीला असते का, हे तीन रकाने जाहिरात देणाऱ्याला सक्तीचे करावेत.

अर्जात भरायची माहिती मात्र कमीत कमी असावी. रेझ्युमे मागूच नये. ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, राहण्याचं ठिकाण, आणि झालं. आधार कार्डाचा फोटो तर नोकरी पक्की होईपर्यंत मागायचं काहीच कारण नाही. आणि इंटरनेट सगळ्यांच्या हाती असतं असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी आणि अवघ्या ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो भावाकडे, तर ओटीपी बहिणीपर्यंत पोचणारच नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या 'बाबाजॉब'ने एसएमएस आणि मिस्ड कॉलवर घरकामगार, ड्रायव्हर यांना कामं जोडून दिली. साधा फोन असलेल्यालाही दार उघडं ठेवण्याची ती पद्धत आजही उपयोगाची आहे.

सरकारी सोय नाही असं नाही. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल जुलै २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयंम आहे. २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा रोजगार कार्यालयाला कळवाव्यात, असा कायदा १९५९ सालीच झाला. जागा कळवण्याचं बंधन इतकं जुनं असताना, तासांचा आणि हातातल्या पगाराचा रकाना भरण्याचं बंधन घालणं जड जाऊ नये.

आकुर्डी, निगडी, पिंपरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी प्रकल्प म्हणून अशी अ‍ॅप तयार होतात. त्या मुलामुलींना माझी एकच विनंती आहे. पहिली स्क्रीन रेखाटण्याआधी पहिल्या पाळीच्या वेळी एकदा तळेगाव चौकात जा, बसची वाट पाहणाऱ्या दहा जणांना त्यांचा हातातला पगार आणि कामाचे तास विचारा, आणि ते दोन आकडे सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात घ्या.